साध्या पाण्यात दिसलेला निळा उजेड

रत्नागिरीच्या कॉलेजात पीएच.डी. करताना मी तीन वर्षं घासून एक पिवळसर पावडर तयार केली. ती अमिनो आम्लांना चिकटली की यूव्ही दिव्याखाली निळी चमकते. आम्लं जितकी जास्त, तितकी चमक जास्त. साध्या पाण्यात अंधार. काही तान्ह्या बाळांच्या लघवीत ही आम्लं जन्मापासूनच भलती उतरतात, आणि ते बघायला नमुना मुंबईला पाठवावा लागतो. माझ्या पावडरने तेच काम तालुक्याच्या दवाखान्यात झालं असतं.

सुरुवातीला माझं साधं पाणीही चमकायचं. महिनाभर डोकं खाल्लं त्याने. मग कळलं की दोष माझ्या बोटांचा. घामातही अमिनो आम्लं असतात. तेव्हापासून मी ग्लोव्ह्जशिवाय नळीला हात लावला नाही, मग आपल्या दमट हवेत आत घामाची तळी का साचेनात. सगळं वहीत लिहून ठेवलं. माझे गाईड असलेल्या सरांनी ती वही कधी उघडली नाही.

आणि शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांच्या भाच्याचं, ज्याने लॅबचा उंबराही ओलांडला नव्हता. मी शेवटी, आभारात.

"अगो, पुढच्या वेळी घालू की तुझं," सर म्हणाले. "एवढं काय मनाला लावून घेतेस?"

डोक्यात तिडीक गेली ती उतरलीच नाही. मी रोज त्यांच्याशी गोड बोलत होते आणि हा माणूस कधी तोंडघशी पडतो त्याची वाट बघत होते.

अनुदान द्यायचं की नाही हे ठरवायला मुंबईहून तीन तज्ज्ञ आले. सर स्वतः प्रयोग करून दाखवणार होते. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही, त्यामुळे शिपाईकाकांनी यूव्ही दिव्यापुढे नारळ धरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या कामावर कोणाची वाकडी नजर आसंल, तर ती दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

नारळ सरांनी फोडला. पाणी मनगटापर्यंत ओघळलं. त्यांनी रुमालाला हात पुसले, साधं पाणी चमकत नाही हे आधी दाखवायला नळीत डिस्टिल्ड वॉटर आणि माझी पावडर घातली, नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि झकास हलवली. नारळाच्या पाण्यात अमिनो आम्लं भरपूर असतात. हात धुवा, एवढंच मला म्हणायचं होतं. मी जीभ दातांखाली धरली.

दिवा लावला. साधं पाणी निळंशार चमकलं.

सरांनी दुसरी नळी घेतली, तोच अंगठा. तीही चमकली. तिसरीही. मला इतका आनंद झाला की पदर तोंडाला लावावा लागला. तज्ज्ञांतल्या बाईंनी विचारलं, "पाणी कशामुळे चमकतंय?" सर म्हणाले, दमट हवा, जुना दिवा, विजेचा दाब. ज्याने ते काम एक महिना जरी केलं असतं, त्याने आधी स्वतःचे हात बघितले असते. बाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला माहीत आहे?"

"हो," मी म्हणाले. "पण काम सरांचं आहे. त्यांनाच विचारा."

सर माझ्याकडे बघत राहिले, आणि मीही नजर काढून घेतली नाही.

अनुदान गेलं. माझी पावडरही त्यासोबत बुडाली, आणि नमुने अजून मुंबईलाच जातात. त्याचं वाईट वाटतं. गप्प बसल्याचं मात्र नाही.

सर आता निवृत्त झालेत. लग्नाकार्यात भेटले की अजून बाजूला घेऊन विचारतात, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं गो?" मी हसून ताट वाढून आणते. हे छापून आलं की एक प्रत त्यांना पोस्टाने पाठवणार आहे.