हात वर करण्यापुरतं कापड

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. तेव्हा मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवायचे. शिंप्याने बाईच्या अंगावर माप घ्यायचं नाही, म्हणून मापाला जुनं पोलकं पाठवायचं. माझं काखेत फाटलेलं, बाहीला खडू लागलेला. ते पाहून म्हाताऱ्या शिंप्याने नव्या पोलक्याला काखेत चौकोनी तुकडा जोडला आणि निरोप धाडला, "बाई फळ्यावर वरपर्यंत लिहीत असतील, हात मोकळा राहू द्या." ते घालून मी एकच दिवस शिकवलं. सासूबाईंनी तुकडा काढून बाही पुन्हा घट्ट शिवली. "बाईले इतका हात वर कराना काय काम शे?" नवरा समोरच पेपर वाचत होता, त्याने मान वर केली नाही. मला एकदाही न पाहिलेल्या शिंप्याला फाटक्या शिवणीवरून मी कोण ते कळलं; याला अजून कळायचंय.