गाड्या मोजल्या त्या संध्याकाळी

नंदनवन भागातल्या आमच्या कॉलनीसमोर मोठा रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे आईची मैत्रीण राहते. दोघींनी एकाच शाळेत उभा जन्म मास्तरकी केली. आता मैत्रिणीला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आई रोज पाचच्या सुमारास सकाळचा पेपर काखेत मारते, रस्ता ओलांडते आणि तिला वाचून दाखवते. आधी निधनवार्ता, मग भाज्यांचे भाव, वेळ उरलाच तर देश. आईला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे आणि तिचे गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असावेत. पण ही एक फेरी तिनं कधी चुकवली नाही. त्या घरी ती दीड तासात जेवढं हसते, तेवढं आमच्या घरी महिन्यातही हसत नाही, हे मला कबूल आहे.

कॉलनीला लागून एक मोकळं मैदान आहे. तिथं एक दिवस फलक लागला. चार मजली भव्य व्यावसायिक संकुल, वर सिनेमा, खाली पार्किंग. फलकावरच्या चित्रात आमचा रस्ता होता आणि त्यावर दोन मोटारी आणि फुगे घेतलेली एक बाई. आमच्या रस्त्यावर दोनच मोटारी मी फक्त लॉकडाऊनमध्ये पाहिल्या आहेत.

मला राग फार लवकर येतो. कॉलनीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि टेबलावर हात आपटला. “हे संकुल झालं तर माझ्या आईनं रस्ता कसा ओलांडायचा?” अर्ध्या लोकांना मनातून तो सिनेमा हवा होता, पण आईचं नाव काढल्यावर कोण काय बोलणार? हरकतीच्या अर्जात पहिला मुद्दा आईचाच घातला. मी आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

मग आमच्या अध्यक्षांनी बातमी आणली. हे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर; दुसरं कुणी तयार नसल्यामुळे वर्षानुवर्षं तेच अध्यक्ष. ते म्हणाले, “मंगळवारी संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्या मोजाले महापालिकेचे मानसं येऊन राहिले. त्या दिवशी रस्ता जेवढा भरलेला दिसन, तेवढं त्याईले समजन का इथं अजून गर्दी मावत नाही. एकही गाडी घरात राहाले नाही पाहिजे!”

कल्पना सगळ्यांना आवडली. सगळ्यात जास्त मला.

मंगळवारी पोटदुखीचं कारण सांगून मी सदर भागातल्या ऑफिसातून दुपारीच सटकलो. पाच वाजता कॉलनीच्या फाटकातून आमची फौज निघाली. चौकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, पुन्हा निघायचं. शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मोटार बाहेर काढली, तीही धुऊन पुसून. एकानं गावाकडून मेहुण्याचा ट्रॅक्टर मागवला होता. पलीकडच्या गल्लीतल्या दोन जावांनी तर कुणाच्या फेऱ्या जास्त होतात याची पैज लावली. अध्यक्ष सगळ्यात पुढे, स्कूटरवर ताठ बसून.

मोजणारे दोघं कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. चौथ्या फेरीला गर्दीत माझी दुचाकी थांबली ती नेमकी त्यांच्यासमोर.

“काका, चौथी चक्कर हाय तुमची. काही हरवलं काय?”

“दूध आनाले चाललो.”

“मागच्या खेपेले कोथिंबीर म्हणले होते.”

“दोन्ही लागते घरी,” मी म्हणालो आणि रेस दिली.

साडेपाचपर्यंत रस्ता असा तुंबला की आम्हालाच आमचं कौतुक वाटायला लागलं. ट्रॅक्टर आडवा अडकला, त्याच्यामागे सिटी बस, बसमागे आमचे शेजारी, शिव्या खात आणि तरीही हसत. फुटपाथवरून कुणी रस्त्यावर पाय टाकलाच तर आम्ही हॉर्न मारून त्याला परत वर चढवत होतो.

सातला मोजणाऱ्यांनी कागद गुंडाळले. जाताना त्यातला एक अध्यक्षांना म्हणाला, “साहेब, रस्ता लई दमदार हाय तुमचा. एवढी गर्दी झेलून राहिला, मंग संकुलाचं काय घेऊन बसले!” अध्यक्षांचा चेहरा पडला. उरलेली मंडळी आपापल्या घरी गेली.

मी पाचवी फेरी संपवून फाटकात शिरलो, तर तिथल्या बाकावर आई बसलेली. पायांत चपला, काखेत पेपर.

“काहून वं आई, गेली नाही आज?”

“जाऊ कुठून गा? पाचपासून उभी होती. दोनदा पाय टाकला म्या रस्त्यावर. एकदा ट्रॅक्टर आला, एकदा तू.”

“मी?”

“हात केला ना तुले. तुनं हॉर्न मारला.”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. मला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. हेल्मेट अजून डोक्यात होतं म्हणून निभावलं.

गाडी तिथंच लावून मी तिचा हात धरला. रस्ता आता मोकळा पडला होता, आम्ही सगळे घरी परतलो होतो ना. पलीकडे मैत्रीण दाराजवळच खुर्ची टाकून बसली होती. पावलांवरूनच तिनं आईला ओळखलं.

“आली का वं? मले वाटलं पडलीगिडली का कुठं. दोन घंटे झाले, दारातून उठली नाही मी.”

“गाड्या लई होत्या वं आज.”

“आतापासूनच? मंग ते संकुल झाल्यावर तू काय येशीन! तुया पोराले सांग ना काहीतरी कराले.”

मी उंबऱ्याबाहेर होतो. तिला मी दिसत नव्हतो आणि ‘मीही आलोय’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मैत्रिणीच्या शेजारी बसली आणि पेपरची घडी उलगडली.

“करून राहिला वं तो,” ती म्हणाली. “आज पाच चकरा मारल्या त्यानं आपल्यासाठी.”