अमिनाचं मोरपीस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही हसाल म्हणून असेल. हसा खुशाल. मलाही हसू येतं — आधी.

आमचं गाव शहाडच्या अलीकडे, उल्हास नदीच्या काठी. मुसलमानांची पंधरावीस घरं, सगळी भातशेतीवाली. गावात तोवर एकाही मुलीनं कुराण पुरं वाचलेलं नव्हतं. मग कल्याणहून एक विधवा बाई भावाकडे राहायला आल्या आणि आम्हा सात-आठ पोरींना शिकवू लागल्या. आम्ही त्यांना उस्तानीबी म्हणायचो. डोळ्यांनी अधू, पण कान असे तिखट, की एक उच्चार चुकला तरी चुलीपासून ओरडायच्या.

कुराण एकच. जी जिथवर वाचेल तिथे तिनं आपलं मोरपीस ठेवायचं. कोण कुठवर आलंय हे उस्तानीबींना कुठलं आठवायला? त्यांचा सगळा भरवसा पिसांवर.

अमिना माझी जिवाची मैत्रीण — आणि माझ्या पुढे. कुराणाचे तीस सिपारे, म्हणजे तीस भाग. तिचे सत्तावीस झालेले, माझे सव्वीस. पहिली कोण येणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मलाही होतं... तेच सलत होतं.

एका सकाळी उस्तानीबी वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या हाकायला अंगणात गेल्या. मी वजू करून, कुराणाला हात लावण्याआधी हातपाय-तोंड धुऊन बसलेली — हात अजून ओले होते. त्याच हातांनी अमिनाचं पीस उचललं आणि दोन सिपारे मागे ठेवलं.

अमिना म्हणाली, हे माझं वाचून झालंय. पुन्हा पुन्हा म्हणाली. माझ्याकडे पाहिलं — मी रोज तिच्या शेजारी बसून ऐकलेलं, नाही का? मी पानात डोकं घातलं.

"पीस खोटं बोलत नाही, अमिने," उस्तानीबी म्हणाल्या. "कुराणासमोर तू खोटं बोलतेस?"

ती रडली नाही. पीस होतं तिथून पुन्हा वाचू लागली.

मी पहिली आले. हिरवी रेशमी ओढणी मिळाली, गावभर मलिदा वाटला गेला, बाबा तर मशिदीपासून घरापर्यंत हसतच आले. पुढे गावच्या पोरी माझ्याकडे शिकायला येऊ लागल्या — अजून येतात. आता उस्तानीबी म्हणतात ते मला!

अमिना भिवंडीला दिली. ईदेला माहेरी आली की माझ्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगते, "मी पहिल्यापासूनच वेंधळी गं! अल्लानं दोन सिपारे दोनदा वाचायला लावले, म्हणून तेवढे तोंडपाठ आहेत." आणि खरंच म्हणून दाखवते — इतकं गोड, की माझ्या पोरी धडा विसरून ऐकत राहतात. सगळ्या हसतात. मीही हसते.

अमिना वेंधळी नव्हती. कधीच नव्हती. ती तसं मानते ते माझ्यामुळे, आणि दर ईदेला मी ते तिला मानू देते.