वांजिरूचे रविवार

भेडाघाटला जाऊन संगमरवरी कड्यांकडे पाठ फिरवून बसलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. वांजिरू! नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवून माहिती सांगत होता, होडीतले सगळे आ वासून वर बघत होते, आणि ही बया मागच्या काठावर पाण्यात उतरलेल्या म्हशी न्याहाळत होती.

"अगं, इकडे बघ ना! लोक कुठून कुठून येतात हे पाहायला," मी म्हटलं.

"दगड उद्या पण इथेच राहतील, काकू," ती म्हणाली. "म्हैस निघून जाईल."

वांजिरू केनियाची. जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकायला शिष्यवृत्तीवर जबलपुरात आली होती. वसतिगृहाचं जेवण मानवेना, म्हणून आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी शब्द टाकला आणि दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराची माडीवरची खोली तिला मिळाली. पहिला आठवडाभर गल्लीतल्या बायका विरजण मागायच्या निमित्ताने तिला पाहून गेल्या. एवढं विरजण त्या गल्लीला ना आधी कधी लागलं, ना नंतर! जबलपुरात पाहुणा आला की त्याला भेडाघाट दाखवायचाच, हा आमचा शिरस्ता. त्यामुळे त्यातल्या प्रत्येकीने पुढे तिला आपापल्या परीने भेडाघाटला नेलं. ती दर वेळी पहिल्यांदाच जात असल्यासारखी गेली आणि सगळ्यांच्या डब्यातलं पोटभर जेवून आली.

मराठी ती माझ्या स्वयंपाकघरात शिकली आणि हिंदी रस्त्यावर. रविवारी सकाळी चहा संपला की झोळी खांद्याला लावून दारात उभी. "काकू, मी जाऊन राहिली. संध्याकाळी येते." मग टेंपोत बसून कधी मदनमहालचा किल्ला, कधी ग्वारीघाट, कधी बरगीचं धरण, तर कधी गोहलपूरच्या पलीकडचं एखादं खेडं. परत यायची तेव्हा पायाला धूळ आणि केसांत गवताच्या काड्या.

"काय पाहिलंस गं?"

"किल्ला छान आहे. पण किल्ल्याखाली एका बाबांची शेळी व्याली, काकू! दोन पिल्लं!"

मी कपाळावर हात मारून घ्यायची.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकात ती नापास झाली. त्या परीक्षेत आजारी जनावर समोर उभं करतात, शेजारी त्याचा मालक. त्याला विचारायचं, जनावर तपासायचं आणि रोग सांगायचा. वांजिरूने पुस्तकातले प्रश्न ओळीने विचारले आणि तो मालक प्रत्येकाला नुसता "हओ, हओ" म्हणत होकाराची मान डोलवत राहिला. काही महिन्यांनी पुन्हा संधी मिळणार होती, पण तीच शेवटची. तीत नापास झाली की शिष्यवृत्ती बंद आणि डॉक्टर न होताच मायदेशी परत. तिकडे तिच्या आईने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की पोरगी डॉक्टर होऊन येतेय.

तरी हिचे रविवार चालूच! माझं डोकंच फिरलं.

"काहून जाऊन राहिली गं तू? पुस्तक घेऊन बस ना गुपचूप!"

"पुस्तक मला पाठ आहे, काकू. माणसं पाठ नाहीत."

असलं उत्तर! मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. जेवायला वाढत होते, ती गोष्ट वेगळी. आमचे हे म्हणाले, "अच्छा, जाऊ दे ना. परीक्षा तिची आहे, तुझी नाही." तिची कशी? मलाच अन्न गोड लागत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने मीही गेले. जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणातच परीक्षा होती. मी कडुलिंबाखाली उभी राहिले. वांजिरूच्या वाट्याला एक म्हैस आली. मान खाली, रवंथ बंद, डावी कूस फुगलेली. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली खेड्यातली म्हातारी आणि समोर बाहेरगावचे परीक्षक.

"अम्मा, क्या खिलाया?" वांजिरूने विचारलं.

"भूसा, और का?"

"और कुछ?"

"कछू नईं."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. झालं, पुन्हा तेच! मी डोळेच मिटून घेतले.

उघडले तेव्हा वांजिरू हातातले कागद बाजूला ठेवून म्हातारीशेजारी उकिडवी बसली होती. "अम्मा, घर में कछू कारज हतो का?"

घरच्या कार्याचं नाव निघताच म्हातारीचा चेहरा एकदम फुलला. "हओ बेटी! नाती को मुंडन हतो. पूरो गाँव जीमो!"

"पूड़ी बचीं?"

"बचीं तो. अन्न फेंको थोड़ी जात? भैंस खों डार दईं."

आणि दोन्ही हात पसरून तिने केवढी टोपली ते दाखवलं. अख्खी टोपलीभर पुऱ्या म्हशीला! म्हातारी खोटं बोलत नव्हती हो. समारंभातलं उरलेलं अन्न जनावराच्या मुखी घालायचं म्हणजे आमच्याकडे पुण्य. त्याला चारा कोण म्हणतं?

वांजिरू ताडकन उठली. म्हशीचं पोट कशाने आंबलंय, औषध कोणतं, किती द्यायचं, सगळं तिने इंग्रजीत घडाघडा सांगून टाकलं. परीक्षकांनी पेन खिशाला लावलं.

"यह सवाल किस किताब में है?"

"किताब में नहीं है, सर. कई इतवार ग्वारीघाट पर भंडारे के बाद गायों को पूड़ी खाते देखा है. दूसरे दिन उनके घर जाकर फूला पेट भी देखा है."

परीक्षक हसले. "जाओ, डॉक्टर. पास हो."

डॉक्टर म्हणाले तिला! मी डबा तिथेच जमिनीवर ठेवला आणि लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. लोक बघत होते तर बघू देत. वांजिरूने मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाह्या सारून म्हशीला औषध पाजायला लागली होती. माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होते.

म्हातारी माझ्याजवळ सरकली. म्हशीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातलेल्या त्या काळ्या, उंच पोरीकडे तिने बोट केलं.

"कौन की मोड़ी आय?" तिने विचारलं. कुणाची गं ही पोर?

"हमारी है, अम्मा," मी म्हटलं. "हमारी."