न पाहिलेला सूर्य

आमच्या गावचे गुरुजी तीसेक वर्षं रोज सकाळी सूर्यावरचे डाग मोजत आले. गाव गुहागरपासून आत, डोंगराच्या कुशीत. त्यांच्या घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जांभ्या चिऱ्यांचा एक चौथरा, त्यावर हातभर लांबीची दुर्बीण. तिला डोळा लावायचा नाही. तिच्यातून पडणारं सूर्याचं बिंब मागच्या पांढऱ्या कागदावर घ्यायचं आणि डाग जिथे दिसतील तिथे पेन्सिलीने टिपायचे. महिनाअखेर आकडे परदेशातल्या एका संस्थेकडे जात. जगभरातले असे हौशी लोक आपापले आकडे पाठवतात, त्यातून सूर्याची नोंद राहते.

नाक्यावर चेष्टा व्हायची. "गुरुजी, आज किती डाग? साबण धाडू काय?"

"साबणाने नाय जात ते. नीळ असली तर बघ."

पावसाळ्यात वहीभर एकच शब्द असायचा: ढग. दिसलं नाही तर तसं लिहायचं, त्यात लाज कसली, असं ते म्हणत.

मी त्यांचा विद्यार्थी, पुढे तालुक्याच्या कचेरीत कारकून. काही वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते मुंबईला मुलाकडे गेले आणि सोळा दिवसांसाठी वही माझ्याकडे दिली. न बघता लिहू नको, असं ते म्हणाले नाहीत. ते सांगावं लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

घरात आजारपण नव्हतं, कचेरीत फार काम नव्हतं. कंटाळा आला, एवढंच. एक दिवस एसटी चुकेल म्हणून तसाच निघालो. आभाळ लख्ख होतं, सगळ्या गावाने पाहिलेलं, ढग लिहिता येईना. पान कोरं ठेवता आलं असतं. मी संध्याकाळी घरी बसून आदल्या दिवसाचे डाग थोडे पुढे सरकवून काढले. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसे डाग रोज थोडे सरकतात, हे त्यांनीच शिकवलं होतं. मग सवय झाली.

परत आल्यावर त्यांनी पानं चाळली. "हात माझ्यापेक्षा स्थिर आहे रे तुझा." आकडे गेले. दोन महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं, की या दिवसांत इतरांना बरेच जास्त डाग दिसलेत. गुरुजींनी उत्तर लिहिलं: निरीक्षक विश्वासू आहे. ते पत्र मीच पोस्टात टाकलं.

पुढे त्यांची नजर गेली तशा त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, बिंब बघून सांगू लागल्या. यंदा सगळ्या वह्या रत्नागिरीच्या एका कॉलेजला द्यायच्या ठरल्या. यादी करायला मी रविवारी सकाळी गेलो.

"तुझं पण नाव घाल," गुरुजी म्हणाले. "सोळा दिवस तू राखलेस."

"गुरुजी, ते मी बघितले नाहीत."

"काय?"

"घरी बसून काढले."

काकी तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं.

"सोळाच्या सोळा?"

"काही बघितले. कुठले ते आता आठवत नाही."

"म्हणजे खरे होते ते पण गेले."

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. त्यांनी लाल पेन घ्यायला लावलं. मी एकेका पानाची तारीख वाचायची, ते "पाहिलं नाही" म्हणायचे, मी आडवी रेघ मारून तेच लिहायचो. सोळा वेळा. मग त्यांनी संस्थेला पत्र सांगितलं: त्या दिवसांचे आकडे काढून टाकावेत. निरीक्षक विश्वासू आहे असं मी कळवलं होतं, ते चूक होतं. मी जसंच्या तसं लिहिलं. सहीच्या जागेवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं.

"आज आभाळ कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"मोकळं आहे."

"मग आजचं टिपून ये."

मी खळ्यात गेलो. बिंब कागदावर घेतलं, दोनदा मोजलं, आत आलो.

"चार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग काकींच्या दिशेला वळून म्हणाले, "गो, तू जरा बघून ये."

काकींनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता त्या बाहेर गेल्या.