आमच्या अन् कासमच्या मधली जागा

सुताराच्या छपरात माणसं कामाशिवायही येऊन बसतात. तंबाखू मळतात, बोलतात आणि उठून जातात. लाकडाचा भुसा संध्याकाळी झाडून टाकता येतो. बोलणं झाडता येत नाही, ते साचत जातं. माझी शाळा फार झाली नाही, मोठं लिहिणं जमत नाही. पण आमच्या आळीतल्या एका जागेचे किस्से लोक अजून सांगतात आणि चुकीचे सांगतात. म्हणून लिहितो.

गाव नांदुऱ्याच्या अंगाला. सरकार इंग्रजाचं, आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुरावरून चालायचा. साहेब कधी येतील याचा नेम नसे.

जागा लहानच. एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला कासम लोहाराचं. मधे एक कुटुंब राहत होतं. साथीत त्यांची बरीच माणसं गेली, उरलेली गाव सोडून गेली. परत कोणी आलं नाही. भिंती पावसानं बसल्या. जागा कोणाचीच राहिली नाही, म्हणजे दोघांची झाली.

माझ्या बापानं, गणपत सुतारानं, तिथं बाभळीचे ओंडके वाळत टाकले. कासमचाचाचं भंगार आधीपासून पडलेलं होतं.

"माह्या भंगारावर लाकूड काऊन टाकलं बे?" चाचानं विचारलं.

"तुह्या भंगाराखाली माही जमीन हाय म्हणून," बाप म्हणाला.

* * *

तोवर भांडण हौसेचं होतं. मग माझी बहीण सरू सासर सोडून आली. नवऱ्यानं दुसरी केली होती. सरूजवळ एक पत्र्याची पेटी, बाकी काही नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात बाप, मी, धाकटा भाऊ किसन, आमच्या बायका, पोरं. सरू चुलीपाशी निजायची.

एकदा भाकरी वाढता वाढता माझ्या बायकोनं तिला विचारलं, "बाई, आनखी किती दिस?"

सगळ्यांनी ऐकलं. बापानं अर्धी भाकर तशीच ठेवली आणि हात धुतला.

"मी मेल्यावर हिचं काय होते ते समजलं," तो म्हणाला. "हिले हिची खोली पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याला जाऊन त्यानं मधल्या जागेसाठी अर्ज लिहवून दिला. कासमचाचाला कळलं. त्यानंही दिला. त्याच्या भट्टीच्या ठिणग्या त्याच्याच छपरावर उडत. भट्टी बाहेर हलवायची होती.

अर्ज गेले आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

* * *

बोलणं बंद झालं तरी काम बंद होत नव्हतं. गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवायची तर सुतार लागतो आणि लोहारही लागतो. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, उचलून चाकावर बसवायची, हातोडे मारायचे आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. एकट्याचं काम नाही. आणि हे काम त्याच जागेवर चालायचं, दुसरी मोकळी जागा नव्हती.

संग्रामपूरकडचा एक गाडीवाला चाक घेऊन आला. धाव चाकावर बसली, धूर निघू लागला.

बाप गाडीवाल्याला म्हणाला, "लोहाराले सांगा, आपल्या अंगाले दाब म्हना."

चाचा गाडीवाल्याला म्हणाला, "सुताराले सांगा, पह्यले पानी टाक म्हना."

गाडीवाला इकडचं तिकडं सांगत राहिला. शेवटी ओरडला, "माहं चाक जळून राह्यलं, अन् तुमी मले दलाल करून राह्यले!"

मग दोघांनी एकदमच पाणी ओतलं.

* * *

बापानं हद्दीवर लिंबाचं रोप लावलं. चाचाच्या बकरीनं खाल्लं. पुन्हा लावलं, पुन्हा खाल्लं. बापानं रोपाभोवती फळ्यांचा पिंजरा करायला घेतला, तर खिळे संपले. खिळे गावात एकाच घरी मिळत. बाप भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. चाचानं मूठभर खिळे दिले.

बापाला राहवलं नाही. "कायले पाह्यजे, हे नाही इचारलं?"

"गिऱ्हाइकाले इचारत नसते. शेजारी म्हनून आला असता, तं देल्ले नसते."

पिंजरा झाला. बकरीनं त्यावर पुढचे पाय टेकले आणि शेंडा खाल्ला. सरू दारात उभी होती, ती हसली. सासरहून आल्यापासून तिचं हसणं मी तेवढंच ऐकलं.

* * *

पाटलानं एकदा दोघांना चावडीवर बोलावलं. मी आणि किसन बापाच्या मागं उभे होतो.

"जागा कायले पाह्यजे?" पाटलानं विचारलं.

"भट्टीले," चाचा म्हणाला.

"पोरीले," बाप म्हणाला.

चाचानं आमच्याकडं बोट केलं. "पोरीले दोन भाऊ हायेत ना?"

"हायेत," बाप म्हणाला. "म्हनूनच."

चावडीवर बसलेले लोक जमिनीकडं पाहू लागले. पाटील म्हणाला, "वरून साहेब येतीन, ते ठरवतीन. तवर दोघं बी वापरा अन् दोघं बी भांडा."

* * *

साहेबांच्या आधी बापाचं दुखणं आलं. कासमचाचा रोज दुपारी येऊन त्याच्या उशाशी बसायचा. बोलणं तेव्हाही नव्हतंच. एके दुपारी बापच म्हणाला, "जागा सोडनार नाही मी."

"नको सोडू. पन आधी उठ तं खरा."

बाप उठला नाही. आम्ही त्याला नेलं त्या दिवशी भट्टी पेटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

बापाचे दिवस उरकल्यावर सरूनं आपली पेटी उचलली आणि मधल्या जागेवर नेऊन ठेवली. तुरीच्या तुराट्यांचा कुड, वर कपाशीच्या पऱ्हाट्यांचं छप्पर, तीन दगडांची चूल. सगळं एकटीनं केलं. दाराच्या जागी तरटाचा तुकडा लावला. कासमचाचानं तिच्या चुलीला अडत होतं तेवढं भंगार बाजूला सारलं आणि कामाला लागला.

किसन मला म्हणाला, "राहू दे तिले. ताबा तं आपला राह्यते. नावावर झाली का मंग तिथं बैलाचा कोठा घालू."

मी हो म्हटलं. कोठ्याची गरज होती.

* * *

शेवटी साहेब आले. नायब तहसीलदार. पाटलानं त्या जागेवरच खुर्ची मांडली. आळी गोळा झाली.

"अर्जदार गणपत सुतार?"

मी पुढं झालो. "वारले जी. मी थोरला, हा धाकटा."

"मग जागा दिली तर ती तुम्हा दोघा भावांच्या नावे. अर्जात मुलीसाठी म्हटलं असलं तरी बहिणीचं नाव लागणार नाही." त्यांनी दुसरा कागद उचलला. "कासम लोहार. तुझं काय म्हणणं?"

चाचा डोक्यावरचं फडकं काढून उभा राहिला. "काही नाही जी. गनपतच्या पोरीसाठी व्हती जागा. माही भट्टी हाय तिथं बरी हाय."

किसननं माझ्याकडं पाहिलं. काम झालं होतं.

साहेब उठता उठता थांबले. सरू आपल्या कुडाला टेकून उभी होती. "बाई, इथं तू राहतेस. जागा आजवर कोण वापरत होतं? खरं सांग."

सरूनं पदर पुढं घेतला. "चाचा."

"सरे, डोक्सं फिरलं का तुहं?" किसन म्हणाला.

"चाचाची जागा हाय जी. त्यानं मले राहू देल्लं."

चाचाच तिच्याकडं वळला. "पोरी, काय बोलून राह्यली? तुहा बाप या जागेसाठी मरेपर्यंत भांडला माह्याशी."

"मले माहीत हाय चाचा, कायले भांडला ते." मग ती साहेबांना म्हणाली, "लिहा जी, कासम लोहार."

साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

मी सरूकडं पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

जागा कासमच्या नावावर झाली. किसननं सरूशी बोलणं टाकलं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी बाभळीच्या फळ्यांचं एक दार केलं आणि चौकटीसकट तिच्या कुडाला बसवून दिलं. कासमचाचा कडी घडवून घेऊन आला. मी दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या बाजूनं कडीची जागा बोटानं दाखवली.

"चाचा," सरू म्हणाली, "कडी आतून ठोका."

चाचानं आतून ठोकली.