खिशात मावतील एवढे रंग

मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या रंगपेटीत तीन हिरवे होते. मला आधी त्याचंच हसू आलं. आमच्या नगर जिल्ह्यात माणसाला तीन हिरवे कशाला लागतात? पावसानंतरचे थोडे दिवस सोडले, तर इथे माती, दगड, वाळलेलं गवत आणि वर पांढरट आभाळ. पण पोरीचा हेतू चांगला होता. तिची आई गेल्यापासून ती दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, दिवसभर करता काय?" आणि मी ठोकून द्यायचो, "अगं, वेळ कुठे मिळतो!" वेळ खायला उठला होता. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्यालाही मी चहाला थांब म्हणायचो आणि तो बिचारा जिन्यातूनच हात जोडून सटकायचा.

नागापूरच्या एका कारखान्यात मी उभा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून काढला. पुढे कॉम्प्युटर आले, तरी हात बसला तो फळीवर आणि टी-स्क्वेअरच्या पट्टीवरच. ड्रॉइंग येतं म्हणजे बाबांना चित्रंही येतील, असा मुलीचा हिशेब. हे म्हणजे कंपाउंडरला ऑपरेशन येतं म्हणण्यासारखं झालं. पण घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बाहेर बसून काहीही करणं बरं, म्हणून निघालो.

पहिल्या दिवशी स्कूटरवर वऱ्हाडाएवढं सामान होतं. जुनी ड्रॉइंगची फळी, पट्टी, क्लिपा, घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, ब्रश धुवायला डबा, छत्री. मी राहतो भिंगारला. तिथे लष्कराच्या भिंतीकडे बघत कागद उघडला, तर पुढची चित्रं आत बसून काढावी लागतील. म्हणून पाथर्डी रस्त्याला लागलो आणि एका वस्तीजवळ, कांदाचाळीसमोर फळी मांडली. कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची पट्ट्यापट्ट्यांची लांबलचक खोली. तिच्यात वारा खेळता राहतो. सगळ्या सरळ रेघा. मला जमेल असं तेवढंच होतं.

चाळीशेजारच्या घरातून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. पदर सावरत लांबच उभ्या राहिल्या.

"सायेब, रस्ता कुठून चाललाय?"

मी म्हणालो, "कसला रस्ता? मी चित्र काढतोय."

"चित्र?" त्यांनी फळीकडे, क्लिपांकडे, माझ्या पट्टीकडे पाहिलं. "खरं सांगा सायेब. आमच्या इहिरीवरून तर न्हाई ना जात?"

मोजणीवाले असेच येतात. आधी फळी, मग खुंट्या, मग नोटीस. माणूस उगाच रेघा ओढत उन्हात बसत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी शपथेवर सांगितलं, कागद दाखवला. तो पाहून तर त्यांची खात्रीच पटली, कारण चाळ मी पट्टीनं काढली होती. सवय जाते कुठे? "बरं बरं, सांगू नका," म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या.

त्या चहाबरोबर त्या बसल्याही. मुलं चाकणला कंपनीत, सुना तिकडेच, इथे त्या आणि चाळीतला कांदा. बोलत राहिल्या. मीही बोललो. घरी आल्यावर घसा दुखत होता. कित्येक दिवसांत इतकं बोललोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

मग मी तिथे जातच राहिलो. चित्रं भिकार निघत होती. कारखान्यात शाई म्हणजे एकच, ड्रॉइंगची पक्की शाई. ती मी खुशाल साध्या फाउंटन पेनमध्ये भरली. दुपारपर्यंत उन्हात शाईचा दगड झाला आणि पेन कायमचं मिटलं. दुसऱ्या पेनात साधी निळी शाई भरली, तर वरून रंगाचा ओला ब्रश फिरताच सगळी चाळ निळ्या डबक्यात विरघळली. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी तर वाळलेल्या रंगावर पांढरी साय धरली. मी चिडायचो, आणि आजूबाजूला जमलेली माणसं मला समजावायची. हो, जमलेली. रोज कुणी ना कुणी यायचं. "सायेब, आमचा बांध बी दाखवा." "त्या लिंबापर्यंत आमचं हाय बरं का." मी नाही नाही म्हणत राहायचो, ते हो हो म्हणत राहायचे आणि मला कुणी ना कुणी काकडी नाहीतर शेंगा द्यायचं. मी खूश होतो. उगाच का खोटं बोला?

व्हायचं तेच झालं. कुणीतरी मोबाईलवर माझा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, की मोजणी सुरू झाली. एका सकाळी पोचलो तर गावातले बाप्ये उभे. एकानं फळीला हात घातला. मी कागद उलटून दाखवले. ओघळलेल्या चाळी, वाकडे कडुलिंब, निळी डबकी. असली मोजणी कोणतंही सरकार करत नसतं. एक म्हातारा हसला, मग सगळेच हसले. फळी परत देताना तो पोक्तपणे म्हणाला, "काय बी काढा, पन असलं सामान आनू नका. मानसं घाबरत्यात."

त्यांचं खरं होतं. लोकांच्या पोटात गोळा आणून आपण गप्पा मारायच्या, हे बरं नव्हे.

मग मी सामान उतरवायला लागलो. हे काम मात्र माझ्या हाडाचं. फळी गेली, स्टूल गेलं, पट्टी गेली. कागद कापून पोस्टकार्डाएवढे केले. पाण्याचा डबा गेला आणि दांड्यातच पाणी भरायचा ब्रश आला. त्यात फिल्टरचं पाणी. पेन घेतलं ते पक्क्या शाईचं, वापरून टाकायचं. पेटीतले हिरवे तिन्ही काढून टाकले. बायकोची सुपारीची पत्र्याची डबी घेतली. तिच्यात पिवळी माती, भाजकी तांबूस माती आणि गडद निळा, एवढे तीनच रंग ट्यूबमधून पिळले. वाळून तडकू नयेत म्हणून प्रत्येकात मधाचा थेंब. निळा आणि तांबूस मिसळला की आमच्या दगडांचा करडा हुबेहूब मिळतो. निळ्यात पिवळी माती टाकली की बाभळीचा मळकट हिरवा. सगळं शर्टाच्या खिशात. पट्टी सुटल्यावर हात मोकळा झाला, चित्रंही सुधारली. माळीवाड्याच्या स्टँडवर बसलो, कोर्टाच्या आवारात बसलो, भिंगारच्या बाजारात बसलो. उत्तम चाललं होतं.

आणि कुणी ढुंकून बघेना. म्हातारा बाकावर बसून खिशातल्या कागदावर काही खरडतोय, त्यात बघायचं काय? पावतीवर आकडे मांडत असेल. शेजारी माणसं बसायची, एसटी लागली की उठून जायची. मी आयुष्यातली सगळ्यात बरी चित्रं काढली ती या दिवसांत, आणि ती एकाही माणसानं पाहिली नाहीत. मुलीला फोटो पाठवले, तिनं अंगठा पाठवला. नोकरी करते, तिला तरी वेळ कुठे? पण त्या अंगठ्याकडे बघून मी जेवलो नाही. एकटेपणाला फार मोठं कारण लागत नाही.

शेवटी न राहवून एक दिवस वस्तीवर गेलो. रस्त्याच्या अलीकडे दगडावर बसलो आणि चाळ काढायला घेतली. या वेळी हातानं, पट्टीशिवाय. बाई बाहेर आल्या. डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. त्या हसल्या नाहीत, त्यांना ओळखच पटली नाही. एवढ्या दिवसांत त्यांनी फळी पाहिली होती, क्लिपा पाहिल्या होत्या, माझ्या तोंडाकडे पाहायची त्यांना गरजच पडली नव्हती. मला फार लागलं ते.

"पाव्हनं," त्यांनी हाक मारली, "कुनाकडं आलेत?"

वस्तीवर रिकामा माणूस नसतो. बसलाय म्हणजे कुणाचा तरी पाहुणा. त्यांनी आपलं रीतीचं विचारलं. माझ्या मनात एकेक घर येऊन गेलं. कारखान्यातले सोबती, भावकी, मुलगी. मी कुणाकडेही आलो नव्हतो आणि कुणाकडे जायचंही नव्हतं.

"तुमच्याकडंच आलोय, मावशी," मी म्हणालो.

त्या दोन पावलं पुढे आल्या. कोण, कुठला, काही विचारलं नाही.

"मंग तिकडं उन्हात काय बसले? या की आत."